वरच्या मजल्यावरचा हमसाया

कुंभिवलीत पहाटे चारला कुणाच्या घरी खलबत्ता वाजला, तर शेजारी कूस बदलतो आणि पुन्हा झोपी जातो. दोन घरांच्या मध्ये अंगण असते, कुंपण असते, आणि सावरोली-खारपाडा रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर तर रात्रभर चालूच असते. त्यात सहरीच्या भांड्यांचा आवाज तो किती! शिवाय तो आवाज कुणाचा, हे ठाऊक असते. रमजान लागला आहे, त्यांच्याकडे उठले असतील, एवढे मनात आले की झोपमोडीचा राग निम्मा उतरतो.

हाच माणूस परदेशी जातो तेव्हा मात्र सगळे हिशेब बदलतात. कोकणी मुसलमानाला परदेश नवा नाही. पूर्वी तो जहाजावर खलाशी म्हणून गेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला जाऊन स्थायिक झाला, तेलाचा पैसा वाहू लागल्यावर कुवेत, दुबई, सौदीत गेला आणि आता शिकलेली पोरे इंग्लंड, जर्मनीत नोकऱ्या करतात. भाषा शिकता येते, थंडीला कोट मिळतो. पण अंगण-पडवीच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. फ्लॅटमध्ये त्याची जमीन म्हणजे दुसऱ्याचे छत असते.

इंग्लंडमधल्या शहरांत जुनी घरे मजल्यांत वाटून त्यांचे फ्लॅट केलेले असतात. त्यांचे मजले आपल्याकडच्या काँक्रीटच्या स्लॅबचे नसतात. लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असतात. पाऊल पडले की खाली ठप्प ऐकू येते. खुर्ची ओढली की कुणी दळण दळत असावे असे वाटते. आणि तांदळाची भाकरी! परात ओट्यावर ठेवून भाकरी थापायची, तर पहाटे तीन वाजता तो ठेका भिंतीतून आणि तुळयांतून थेट खालच्या माणसाच्या उशीपर्यंत पोचतो. त्या बिचाऱ्याला भाकरी म्हणजे काय हेही माहीत नसते. त्याला एवढेच कळते की वर कुणीतरी अपरात्री काहीतरी बडवते आहे.

आवाजाच्या या दोन तऱ्हा समजून घेण्यासारख्या आहेत. बोलणे, टीव्ही, तिलावत हा हवेतून जाणारा आवाज. दार लावले, फटी बुजवल्या, आवाज कमी केला की तो बराच अडतो. पाऊल, थापणे, कुटणे, वॉशिंग मशीनचा थरकाप हा धक्क्याचा आवाज. तो इमारतीच्या हाडांतून प्रवास करतो. जिथे धक्का बसतो तिथेच काही मऊ घातले तर तो मरतो. गालिचा, चटई, खुर्चीच्या पायांना नमद्याचे तुकडे, मशीनखाली रबर. खालच्याने स्वतःच्या छताला कितीही अस्तर लावले तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणजे खालच्या माणसाची झोप वरच्या माणसाच्या हातात असते. खरे तर पायात. इंग्लंडमध्ये अनेक फ्लॅटच्या करारात जमिनीवर गालिचा अंथरलाच पाहिजे अशी अट असते, ती याचसाठी.

आता यात रमजान घाला. चांद्रवर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान ऋतूंमधून फिरत राहतो. यंदा तो हिवाळ्याच्या शेवटी आल्यामुळे लंडनमधल्या रोजेदारांची सोय आहे. इफ्तार संध्याकाळी लवकर, सहरी पाचच्या आधी. पण 2016 साली रमजान जूनमध्ये आला होता. लंडनला तेव्हा सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. इफ्तार, मग इशा, मग तरावीह. घरी येईपर्यंत बारा वाजून जातात. आणि तीनच्या सुमाराला सहरीची वेळ संपत आलेली असते. मग झोपायचे कधी? बहुतेक घरे मधले दोन-अडीच तास जागीच राहतात. पाहुणे असतात, मुले सुट्टी असल्यासारखी धावतात, तळण चालते. रोजेदारासाठी ती महिन्यातली सर्वांत आनंदाची वेळ, आणि खालच्या मजल्यावरच्या बसड्रायव्हरसाठी कामावर जाण्याआधीची शेवटची झोप.

इंग्लंडमध्ये कायदा आहे. 1996 च्या आवाजविषयक कायद्याने रात्री अकरा ते सकाळी सात ही वेळ संरक्षित धरली आहे; मर्यादेबाहेर गोंगाट केला तर स्थानिक कौन्सिल आधी ताकीद देते, मग दंड करते. पण तो कायदा मुख्यतः दणदणाट करणाऱ्यांसाठी. रोजच्या जगण्याच्या आवाजाचे काय, हा प्रश्न दक्षिण लंडनमधल्या काही भाडेकरूंनी थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत नेला होता. पहिल्या महायुद्धानंतर बांधलेले सदर्क कौन्सिलचे ते फ्लॅट. भिंती-मजले असे, की शेजाऱ्याचे बोलणे, टीव्ही, संडासाची टाकी, काही म्हणता काही लपत नव्हते. 1999 मध्ये निकाल लागला. न्यायमूर्तींनी सहानुभूती दाखवली, पण दाद दिली नाही. शेजारी साधेपणाने आपल्या घरात राहत असेल तर त्या राहण्याचा आवाज हा त्याचा अपराध नव्हे, आणि घरमालकानेही जुन्या इमारतीला आवाजरोधक अस्तर लावून देण्याची जबाबदारी घेतलेली नव्हती.

निकाल तर्काला धरून आहे. माणसाने आपल्या घरात चालू नये, चहा करू नये, पोराला रडू देऊ नये असे कुठले न्यायालय सांगेल? पण त्यातून उरते ते विचित्र आहे. एकाचा काहीच गुन्हा नाही आणि दुसऱ्याची झोप मात्र रोज जाते. कायदा इथे हात झटकतो.

इस्लाम हात झटकत नाही. कुरआनात सूरह निसामध्ये नात्यातला शेजारी आणि परका शेजारी असे दोघांचे वेगळे उल्लेख करून दोघांशी चांगुलपणाने वागायला सांगितले आहे. शेजारी कोणत्या धर्माचा ही अट तिथे नाही. हदीसमध्ये येते, की हजरत जिब्रईल शेजाऱ्याच्या हक्काबद्दल पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना इतके वारंवार बजावत राहिले, की शेजाऱ्याला वारसाहक्कच मिळतो की काय असे त्यांना वाटू लागले. दुसरी एक हदीस रमजानात अधिक टोचणारी आहे. एक बाई रात्र रात्र नमाज पढते, दिवसा रोजे ठेवते, दानधर्म करते, पण जिभेने शेजाऱ्यांना त्रास देते, असे पैगंबरांना सांगण्यात आले. तिच्यात भलाई नाही, ती आगीत जाईल, असे ते म्हणाले. रोजे आणि नमाज यांनी शेजाऱ्याचे देणे फिटत नाही, हे इतक्या कडक शब्दांत क्वचितच कुठे आले असेल.

तिलावतीबद्दलही असेच. पैगंबर मशिदीत एतेकाफला बसले असताना काही लोक मोठमोठ्याने कुरआन पढत होते. त्यांनी पडदा बाजूला सारला आणि सांगितले, की तुमच्यातला प्रत्येक जण आपल्या रबशी गुजगोष्टी करतो आहे. एकमेकांना त्रास देऊ नका, एकमेकांच्या वरचढ आवाज काढू नका. मशिदीत, खुद्द कुरआन पढणाऱ्यांना हे सांगितले गेले. मग फ्लॅटच्या लाकडी मजल्यावर पहाटे लावलेल्या स्पीकरवरच्या तिलावतीचे, किंवा नात-कव्वालीचे काय, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आखातात गोष्ट उलटी असते. तिथे रमजानात शहरच रात्री जागते. संयुक्त अरब अमिरातीत कामाचे तास रोज दोनने कमी होतात, बाजार मध्यरात्रीनंतरही गजबजलेले असतात. तिथे झोपमोड होते ती रायगड-रत्नागिरीकडून गेलेल्या पोराची. फ्लॅट कसला, खोलीतली एक खाट भाड्याने घेतलेली. बेड स्पेस म्हणतात तिला. एका खोलीत चार-सहा जण, कुणाची दिवसपाळी, कुणाची रात्रपाळी. एकाचा इफ्तारचा घोळका, तर दुसऱ्याला पहाटेच्या ड्युटीसाठी दहाला झोपायचे असते. तिथे गालिचा अंथरून भागत नाही. पडदा लावायचा, कानात बोळे घालायचे, मोबाइलवर बोलायला जिन्यात जायचे. तक्रार कुणाकडे करणार? खाट गेली तर राहायचे कुठे?

परदेशातल्या आवाजाच्या भांडणातली खरी गाठ इथेच आहे. स्थलांतरित माणूस तक्रार करायला घाबरतो आणि त्याच्याविरुद्ध तक्रार झाली तर आणखी घाबरतो. गावात वरच्या आळीतली पोरे दंगा करतात तेव्हा ती अमक्याची पोरे असतात. लंडन किंवा फ्रँकफर्टला तोच दंगा ‘त्या लोकांचा’ होतो. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची रीत पक्की आहे आणि रविवारचा पूर्ण दिवस शांततेचा. रविवारी दुपारी भिंतीत खिळा ठोकणारा नवखा हिंदुस्थानी माणूस शेजाऱ्याच्या लेखी फक्त नवखा राहत नाही, तो असंस्कृत ठरतो. उलट बाजूही आहेच. वरच्या मजल्यावर शनिवारी रात्री तीनपर्यंत पार्टी चालली तर इकडचा माणूसही गोऱ्यांच्या संस्कृतीवर प्रवचन देऊन मोकळा होतो. दार वाजवून नाव विचारायचे मात्र दोघांच्याही मनात येत नाही.

ज्याला त्रास होतो त्याने काय करावे? इमाम अबू हनीफा यांचा एक किस्सा त्यांच्या चरित्रांत येतो. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, पण हा किस्सा त्यांच्या मदरशांतही सांगितला जातो. कूफा शहरात इमामसाहेबांच्या शेजारी एक चांभार राहायचा. दिवसभर काम करायचा, रात्री दारू पिऊन मोठमोठ्याने गायचा. जगाने मला गमावले, अशा अर्थाचे त्याचे रडगाणे. इमामसाहेब रात्री नमाजला उभे असत आणि तो आवाज रोज कानावर येई. एके रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तर कळले, की पहारेकऱ्यांनी त्याला धरून नेले आहे. सकाळी इमामसाहेब स्वतः अमीराकडे गेले आणि त्याला सोडवून आणले. परतताना त्यांनी एवढेच विचारले, की काय रे बाबा, आम्ही तुला गमावले का? त्या माणसाने पिणे सोडले असे सांगतात.

या गोष्टीतला चमत्कार शेवटात नाही, आधी आहे. ज्या आवाजाने रोज त्रास व्हायचा तो थांबल्यावर सुटलो म्हणण्याऐवजी माणूस कुठे गेला, हा प्रश्न पडणे. अर्थात प्रत्येकाने अबू हनीफा व्हावे ही अपेक्षा चुकीची आहे. सलग दोन महिने झोप न झालेल्या आईला, रात्रपाळीच्या नर्सला सब्र करा असे सांगणे सोपे असते, आणि सांगणारा बहुधा नीट झोपलेला असतो. त्यांच्यासाठी व्यवहारातली वाट आहे. रात्री रागाच्या भरात झाडूच्या दांड्याने छत ठोकू नये. त्याने दुसरा आवाज वाढतो, पहिला थांबत नाही. दिवसा, दोघेही शुद्धीवर असताना दार वाजवावे. समोरच्याला बहुतेक वेळा खाली काय ऐकू येते याची कल्पनाच नसते. त्याने भागले नाही तर तारीख, वेळ, किती वेळ आणि कसला आवाज याची वही ठेवावी. इंग्लंडमधली कौन्सिले तक्रार घेताना अशीच नोंद मागतात. सिंगापूरमध्ये अशा भांडणांसाठी मध्यस्थी केंद्र आहे आणि 2015 पासून शेजाऱ्यांच्या तंट्यांचा स्वतंत्र कायदाही. न्यायालय सगळ्यांत शेवटी.

हे सगळे परदेशाचेच म्हणून सोडून देण्यासारखे राहिलेले नाही. खोपोली, कर्जत, नेरळला इमारती उभ्या राहत आहेत. आखातातून कमावून आलेला माणूस गावी पडवी वाढवण्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतो. स्लॅब काँक्रीटची असली तरी फरशीवर ओढलेला स्टूल आणि पहाटेचा मिक्सर खाली पोचतोच. खाली कुणी पाटील असतो, वर कुणी शेख, शेजारी गुप्ता. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण पोलीस ती भोंग्याला लावतील, मिक्सरला नव्हे.

भोंग्याचा विषय निघालाच आहे तर तोही टाळू नये. सप्टेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की मोठा आवाज गणेशोत्सवात घातक असेल तर ईदच्या जुलूसमध्येही तो तितकाच घातक आहे. यावर दोन्हीकडच्या पोरांनी कान धरायला हरकत नाही. जानेवारी 2025 मध्ये कुर्ल्यातल्या दोन गृहनिर्माण संस्थांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने सांगितले, की भोंगा हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही. त्यानंतर मुंबईतल्या काही मशिदींनी मोबाइल अ‍ॅपवरून अजान पोचवायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांना ते नवल वाटले. ब्रिटनमध्ये मात्र हे जुने आहे. तिथल्या बऱ्याच मशिदी अजान रेडिओ लहरींवरून सोडतात, आणि घरातल्या कपाटावर ठेवलेल्या लहानशा रिसीव्हरमधून ती ऐकू येते. ज्याला हवी त्याच्याच घरात. तिथे वाढलेल्या कोकणी मुलांना अजान म्हटले की तो डबाच आठवतो.

उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात. साया म्हणजे सावली. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. फ्लॅटमध्ये एकाच छताखाली राहणाऱ्यांना हा शब्द अंगणवाल्यांपेक्षा अधिक लागू पडतो.

हजरत आयेशा (रजि.) यांनी पैगंबरांना एकदा विचारले होते, की दोन शेजारी असतील तर भेट कुणाला पाठवावी? ज्याचे दार जवळ त्याला, असे उत्तर मिळाले. मदीनेच्या बैठ्या घरांत हे मोजणे सोपे होते. समोरचे दार चार पावलांवर आणि खालच्याचे दार वीस पायऱ्यांवर, पण महिनाभर भाकरी थापली गेली ती खालच्याच्या डोक्यावर. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची पहिली वाटी घेऊन निघालेल्या मुलाने समोर जायचे की जिना उतरायचा, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावे. आणि तेवढ्यासाठी ईदपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. रमजानचा चाँद दिसला त्या संध्याकाळीच खाली जाऊन महिनाभर पहाटे जाग असेल, फार आवाज झाला तर हक्काने सांगा, एवढे बोलून येता येते.