कपावरचं नाव सरळ का दिसत नाही?

कॉलेजच्या फेस्टसाठी पाचशे कागदी कप छापायला टाकायचे असतील, तर आजचा भाग आधी ऐका.

कप वर रुंद, खाली निमुळता. तो उलगडला की आयत नाही, पंख्याचा आकार मिळतो. त्यावर नाव सरळ रेषेत लिहिलंत, तर कपावर मधली अक्षरं खाली आणि कडेची काठाकडे चढलेली दिसतात.

तीन मापं घ्या: वरचा व्यास, खालचा व्यास आणि तिरकी बाजू (उभी उंची नव्हे!). समजा ८०, ५६ आणि ९० मिमी. व्यासांतला फरक २४.

मोठी त्रिज्या: ९० × ८० ÷ २४ = ३०० मिमी.
लहान त्रिज्या: ३०० − ९० = २१० मिमी.
कोन: १८० × २४ ÷ ९० = ४८ अंश.

आता इंकस्केप उघडा. ६०० आणि ४२० मिमी व्यासाची वर्तुळं एकाच केंद्रावर ठेवा. मग मोठ्याला २४६ ते २९४ अंशांची स्लाइस करा. आधी स्लाइस केलीत तर केंद्र जुळवताना घोळ होतो. शेवटी 'डिफरन्स'ने लहान वर्तुळ वजा करा. पंखा तयार!

नावासाठी मधल्या त्रिज्येचा कंस काढून 'पुट ऑन पाथ' वापरा. छोटा लोगो वाकवू नका, फक्त त्याच केंद्राभोवती फिरवा. चिकटवायच्या पट्टीचं माप छापखान्याला विचारा.

हा पंखा आडव्या ए-फोरवर मावतो. प्रिंट काढा, कापा, कपाला गुंडाळा. कडा जुळल्या तरच फाइल पाठवा.