सामू ५ हवा, तर अल्कली किती?

एक लिटर पाण्यात ०.१ मोल ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलेच आम्ल, विरघळवले आहे. त्याचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण २.९ भरतो. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचे १ मोलर, म्हणजे लिटरला १ मोलचे, द्रावण घालून ५.० सामूचे बफर, म्हणजे थोडे आम्ल वा अल्कली पडली तरी सामू फारसा न हलू देणारे द्रावण, करायचे आहे. किती मिलिलिटर घालावे?

सामू हे हायड्रोजन आयनांचे माप. २.९ सामूला लिटरभर द्रावणात हे आयन सुमारे ०.००१३ मोल असतात, ५ सामूला अवघे ०.००००१. मग जादा आयन संपवायला १.३ मिलिलिटर अल्कली पुरेल, असे वाटते. प्रत्यक्षात तेवढी घातली तर सामू जेमतेम ३.१ वर येतो. खरे उत्तर आहे सुमारे ६३.५ मिलिलिटर!

कारण ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. या द्रावणात त्याच्या शंभरातल्या एखाद्याच रेणूने प्रोटॉन, म्हणजेच हायड्रोजन आयन, सोडलेला असतो. अल्कलीने मोकळे प्रोटॉन संपवले की उरलेले रेणू नवे सोडू लागतात. म्हणून हिशेब मोकळ्या प्रोटॉनचा नव्हे, एकूण आम्लाचा मांडावा लागतो.

हा हिशेब रक्ताच्या अभ्यासातून आला. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात कसा टिकतो, याचा शोध घेताना अमेरिकेतील लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये त्याचे समीकरण मांडले. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पीएचचे माप आणले आणि १९१६ मध्ये डेन्मार्कच्याच हॅसेलबाल्क यांनी हेंडरसन यांचे समीकरण त्या मापात बसवले.

समीकरणाचा गाभा पीकेए हा आकडा. ज्या सामूला आम्लाचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडून बसतात, तो त्या आम्लाचा पीकेए. ॲसेटिक आम्लासाठी तो ४.७६ आहे. ५.० मधून ४.७६ वजा केले की ०.२४ उरतात. १० चा ०.२४ वा घात सुमारे १.७४, म्हणजे आम्लाच्या एका भागाला ॲसिटेटचे, म्हणजे प्रोटॉन सोडून बसलेल्या आम्लाचे, १.७४ भाग हवेत. एकूण २.७४ भागांपैकी १.७४ म्हणजे ६३.५ टक्के आम्लाचे ॲसिटेट व्हायला हवे. अल्कलीचा एक मोल आम्लाच्या एका मोलचे ॲसिटेट करतो, म्हणून ०.०६३५ मोल अल्कली, म्हणजे १ मोलर द्रावणाचे ६३.५ मिलिलिटर लागतात.

हेच गणित पुढे नेले तर गंमत दिसते. ४.७६ सामू गाठायला एकूण ५० मिलिलिटर लागतात, ५.७६ ला ९१ आणि ६.७६ ला ९९. म्हणजे पहिल्या टप्प्याला ४१ मिलिलिटर, तर पुढच्या तेवढ्याच टप्प्याला केवळ ८! पीकेएच्या जवळ बफर दमदार असते, ५.० च्या आपल्या बफरमध्ये एक मिलिलिटर जास्त पडला तर सामू ०.०२ ने हलतो. तोच मिलिलिटर लिटरभर शुद्ध पाण्यात पडला, तर सामू ७ वरून ११ वर जातो. त्यामुळे हव्या त्या सामूपासून पीकेए एका एककाहून दूर नसलेलेच आम्ल निवडावे.

तरीही कागदावरचे उत्तर तंतोतंत उतरत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतले बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे वजन फसवते. द्रावणातल्या क्षारांमुळे पीकेए थोडा सरकतो. तापमानाचाही परिणाम होतो. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे ट्रिस बफर २५ अंशांवर ८.० ला जुळवले, तर ४ अंशांच्या शीतखोलीत त्याचा सामू ८.६ च्या आसपास जातो.

म्हणून विद्यार्थ्यांनी आधी आकडा काढावा, ठरल्या आकारमानापेक्षा कमी पाण्यात आम्ल विरघळवून हिशेबातली नव्वद टक्के अल्कली घालावी आणि उरलेली पीएच मीटरवर नजर ठेवून थेंबाथेंबाने सोडावी. सामू जुळल्यावरच पाण्याने आकारमान पूर्ण करावे. आणि बाटलीवर सामूशेजारी तापमान लिहायला विसरू नये.