ती गाडी चालवते

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात उभं राहून ज्यांनी सोनं लुटलंय, त्यांना ती गाडी वेगळी सांगायला नको. राजाराम महाराजांच्या काळातली, जर्मन बनावटीची मेबॅक. छत्रपतींच्या घरातली मंडळी तिच्यातून चौकात येतात, तेव्हा पोरांना खांद्यावर घेतलेले बापसुद्धा टाचा उंच करून बघतात. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मीही बघत आलेय.

मागच्या खेपेला शेजारी आमच्या बचत गटातली एक मुलगी उभी होती. गाडी पुढं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वहिनी, असली गाडी एखाद्या बाईला जमंल का वो चालवायला?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. रात्री अमेरिकेतल्या भाच्याशी फोनवर बोलताना सहज विषय काढला. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. म्हणाला, "मावशी, तुमची मेबॅक भारी आहेच. पण ड्यूसेनबर्ग माहीत आहे का तुला? इंडियाना राज्यात ऑबर्न गावी तिचं म्युझियम आहे, मी बघून आलोय. आणि ऐक, त्यातली एक आपल्या इंदूरच्या होळकरांनी करून घेतली होती!"

झालं. त्या रात्री एक वाजेपर्यंत मी वाचतच बसले.

मैत्रिणींनो, ही ड्यूसेनबर्ग म्हणजे काय चीज होती ते आधी सांगते. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले फ्रेड आणि ऑगस्ट हे दोघे भाऊ. शर्यतीच्या गाड्या बांधण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९२१ साली फ्रान्समधली मोठी शर्यत त्यांच्या गाडीनं जिंकली. कारखाना इंडियानापोलिस शहरात. पुढं तो कॉर्ड नावाच्या उद्योगपतीनं विकत घेतला आणि फ्रेडला सांगितलं, पैशाकडं बघू नकोस, जगातली सगळ्यात चांगली गाडी कर. त्यातून १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात 'मॉडेल जे' आली.

आकड्यांत सांगायचं तर तिचं इंजिन आठ सिलिंडरचं, सुमारे ६.९ लिटरचं, कंपनी ताकद सांगायची २६५ अश्वशक्ती. १९३२ मध्ये इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा बसवून 'एसजे' काढली, तिची ताकद ३२०. आमच्या दारातली जुनी मारुती ८०० तुम्हाला डोळ्यांसमोर येईल. तिची ताकद ३७ च्या आसपास. म्हणजे आठ मारुत्या जुंपल्या तरी एसजेची बरोबरी व्हायची नाही! १९३५ साली अमेरिकेतल्या मिठाच्या मैदानावर शर्यतीसाठी बांधलेली एक एसजे चोवीस तास पळवली, तर सरासरी ताशी १३५ मैल भरली. आपल्या हिशोबानं सव्वादोनशे किलोमीटरच्या जवळपास. नव्वद वर्षांपूर्वी!

कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन विकायची. त्याचीच किंमत सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर. त्या काळात फोर्डची साधी अख्खी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. सांगाडा घ्यायचा आणि वरची बॉडी आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची, जसं कापड घेऊन शिंप्याकडं जावं. अशा जेमतेम ४८० च्या आसपास गाड्या झाल्या. स्वस्तातली आवृत्ती काढू, थोडं इकडचं तिकडं करू, हा विचार या गाडीच्या बाबतीत नव्हताच. त्यातच जगभर मंदी आली आणि १९३७ साली कंपनी बंद पडली. फ्रेड तर त्याआधीच, १९३२ मध्ये, आपलीच गाडी चालवताना झालेल्या अपघातानंतर गेला.

मला मात्र सगळ्यात आवडलं ते तिच्या डॅशबोर्डवरचं एक कौतुक. वेगाच्या काट्याशेजारी बारके दिवे. सातशे मैल झाले की एक दिवा लागायचा, तेल बदला. चौदाशे मैल झाले की दुसरा, बॅटरीचं पाणी बघा. सांध्यांना वंगण तर गाडी आपलं आपण देऊन घ्यायची. वाचताना वाटलं, बायकांच्या कपाळावर असे दिवे असते तर किती बरं झालं असतं! आपल्या घरात कुणाच्या लक्षात येतं, की हिचं तेल संपत आलंय?

आता होळकरांची गोष्ट. इंदूरचे यशवंतराव होळकर, १९०८ सालचा जन्म, युरोपात शिकलेले, नव्या कलेचे भारी शौकीन. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुकारानं बांधला, खुर्च्या-दिव्यांसकट. त्यांनी ड्यूसेनबर्ग एसजेचा सांगाडा घेतला आणि लंडनच्या गर्नी नटिंग या नामांकित कारागिरांकडून तिच्यावर बॉडी चढवली. १९३६ च्या सुमारास ती तयार झाली. नारिंगी आणि काळा रंग, लांबच लांब नाक. ड्यूसेनबर्गच्या लांब सांगाड्याच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच पावणेतेरा फूट! आमच्या गल्लीतली एखादी खोली तेवढी नसेल. अशा गाडीत पाहुणेरावळे, पोरंबाळं, भाजीची पिशवी यांचा विचारच नाही. ही गाडी होती स्टेअरिंग धरणाऱ्याच्या आनंदासाठी. पुढं ती अमेरिकेतल्या संग्राहकांकडं गेली आणि आजही जगातल्या देखण्या गाड्यांत तिचं नाव घेतात.

वाचता वाचता मी एका नावाशी अडखळले. यशवंतरावांची पत्नी संयोगिताराणी. माहेर कुठलं? कागल! आपलं कागल, हायवेनं अर्ध्या तासाचं. घाटगे घराण्यातली लेक. राजर्षी शाहू महाराज मूळचे याच कागलकर घाटग्यांचे. मराठा आणि धनगर या दोन समाजांत सोयरिक व्हावी म्हणून महाराजांनीच हे लग्न ठरवलं होतं. ते झालं १९२४ साली, महाराज गेल्यावर दोन वर्षांनी. मुलीचं वय तेव्हा परकर-पोलक्यातलं.

कागलची ही पोर पुढं पॅरिसमध्ये वावरली. मॅन रे नावाच्या जगप्रसिद्ध छायाचित्रकारानं या जोडप्याचे फोटो काढले. आखूड केस, निवांत हसू, नवऱ्याच्या खांद्याला टेकलेली. कुठल्याही कॉलेजच्या पोरीसारखी दिसते. १९३३ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराणी गेल्या. पंचविशीही ओलांडली नव्हती. ज्या साली ड्यूसेनबर्ग कंपनी बुडाली, त्याच साली.

गाडी म्हटली की 'महाराजांची ड्यूसेनबर्ग', वाडा म्हटला की 'महाराजांचा माणिकबाग'. राजाच्या तिजोरीत रयतेचाच पैसा, त्यातून एवढी चैन, हाही विचार समाजकार्य करणाऱ्या बाईच्या मनात येणारच, तो आला. पण त्याहून जास्त टोचला तो हा 'महाराजांची' शब्द. कारण तो माझ्या घरातलाच होता.

आमच्याकडं गाडी कुणाची? ह्यांची. किल्ली कुठं? ह्यांच्या खुंटीला. धुवायची कुणी? मी. पाडव्याला हार कुणी घालायचा? मी. पण चालवायची म्हटलं की, "तुला कशाला पाहिजे? मी सोडतो की!" बोलण्यात माया होती, खोटं कशाला सांगू. आणि मलाही ते बरंच वाटायचं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा पुण्यात होस्टेलवर. हे कामानिमित्त बाहेरगावी. रात्री दोनच्या सुमाराला सासूबाईंच्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा, बोलणं कळेना. रुग्णवाहिकेला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. ओळखीचा रिक्षावाला फोन उचलेना. आणि दारात गाडी उभी. पेट्रोल भरलेली, किल्ली खुंटीला. मी ती किल्ली हातात घेऊन अंगणात उभी होते. तो क्षण मी आजही विसरलेले नाही. गाडीचं दार उघडलं, आत बसले, आणि कळेना की पुढं काय करायचं.

शेवटी गल्लीतल्या दूधवाल्याला उठवलं आणि त्याच्या टेम्पोतून आईंना नेलं. तासाभराच्या वर वेळ गेला. डॉक्टर रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, "पक्षाघातात एकेक मिनिट मोलाचं असतं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं." (तुम्हीही लक्षात ठेवा : तोंड वाकडं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की सकाळची वाट बघायची नाही.) आई वाचल्या. चालायलाही लागल्या. उजवा हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही. तासभर आधी पोचलो असतो तर झाला असता का, हे कोण सांगणार? पण मी रात्री अंथरुणावर पडले की तोच हिशोब करत बसायचे.

कुणी मला बोल लावला नाही. महिनाभरानं आई स्वतःच म्हणाल्या, शब्द जुळवत जुळवत, "सूनबाई, गाडी शीक. माझ्यासाठी नव्हं. पुढल्या वेळंला तू अंगणात उभी ऱ्हाऊ नगंस."

एक्केचाळिसाव्या वर्षी मी 'एल'च्या पाटीमागं बसले. पहिले आठ दिवस क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारायची. चढावर गाडी मागं येऊ लागली की मागचे हॉर्न आणि माझी छाती एकदमच वाजायची. शिकवणारा पोरगा म्हणाला, "काकू, गाडी बायकांची-पुरुषांची ओळखत नाही. पाय कसा सोडता तेवढंच ओळखते." ह्यांनी सुरुवातीला तोंड जरा वाकडं केलं. मग एक दिवस किल्लीची खुंटी बदलली आणि देवघराजवळ लावली, दोघांच्याही हाताला येईल अशी. बोलले काहीच नाहीत. आमच्या ह्यांची माफी मागायची तऱ्हा हीच.

भाच्यानं मला ड्यूसेनबर्गच्या जुन्या जाहिरातींबद्दल सांगितलं, त्यानं तर मी उडालेच. १९३० च्या दशकात मासिकांत त्यांची पानभर जाहिरात यायची. चित्रात गाडी नाहीच! एखादा श्रीमंत गृहस्थ आपल्या ऐसपैस दालनात बसलाय, आणि खाली एकच ओळ, अर्थ असा की हा ड्यूसेनबर्ग चालवतो. आणि याच मालिकेत काही चित्रांत बाई आहे. खाली तीच ओळ : ही ड्यूसेनबर्ग चालवते. जाहिरात ती श्रीमंतांचीच, आपला तिच्याशी काय संबंध? पण नव्वद वर्षांपूर्वी गाडी विकणाऱ्यालाही कळलं होतं, की 'ती गाडीत बसते' आणि 'ती गाडी चालवते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याला लहानपणापासून तडजोड शिकवतात. ती काही वाईट नाही, तडजोडीशिवाय घर चालत नाही. पण कशात करायची नाही, हेही कुणीतरी शिकवायला हवं. साडीत करा, सोफ्यात करा, गाडी सेकंडहँड घ्या. पण वेळ आली तर आपल्या माणसाला घेऊन दाराबाहेर पडता येणं, यात तडजोड नको. दारात गाडी नसेल तर स्कूटी शिका. तीही नसेल, तर कुणाच्याही गाडीवर शिकून लायसन्स काढून ठेवा.

आमच्या बचत गटात आता दर महिन्याच्या बैठकीत मी एकच प्रश्न विचारते : या महिन्यात कोण 'एल' काढतंय? आधी नुसतं हसू यायचं. आता हात वर होतात. दसरा चौकात तो प्रश्न विचारणारी मुलगी दुधाचं चारचाकी वाहन शिकतेय. तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याआधी तिनंच दिलं म्हणायचं.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या जुन्या मारुतीची पूजा केली. आई काठी टेकत अंगणात आल्या. डाव्या हातानं हळदकुंकू घेतलं आणि दर वर्षीसारखं बॉनेटला न लावता आत वाकून स्टेअरिंगला लावलं. थोडं सांडलं सीटवर. म्हणाल्या, "चल, उद्या तुझ्या गाडीतनं दसरा चौकात जायचं."

'तुझ्या गाडीतनं' म्हणाल्या. हे शेजारीच उभे होते. काहीच बोलले नाहीत, मागचं दार उघडून सीट पुसायला लागले.