हॉटेलचं बिल, घरची खरेदी : एवढं माहीत हवंच

● सेवा शुल्क : हॉटेलने ते बिलात परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावलं. मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही मनाई कायम ठेवली. टिप द्यायची ती खुशीने.

● जीएसटी : हा कर आहे, बहुतेक हॉटेलांत ५ टक्के.

● पावती : गादी घ्या की मिक्सर, पावती मागाच. ती न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा.

● सदोष वस्तू : पावतीवर परतीची मुदत नसेल, तर ३० दिवसांत वस्तू परत घेऊन पैसे द्यायला दुकानदार बांधील.

● तक्रार : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत २ वर्षं. रक्कम लहान असली, तरी तक्रार जरूर करा.