भावाचं पत्र कोण लिहिणार?
लेखमाला : वाचता-लिहिता, भाग ५

मागच्या भागात वाचनाच्या तासाबद्दल बोललो. गोष्ट संपली की लगेच तात्पर्य विचारायची सवय मोडावी, एवढाच आग्रह होता. मग तात्पर्याच्या जागी काय विचारायचं? खंडाळा तालुक्यातल्या शिक्षकांना याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. नायगावातून लिहिलेलं एक पत्र आहे.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी याच नायगावात झाला. ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणामुळे त्या माहेरी होत्या, तेव्हा त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात भावाशी झालेला वाद आहे. या दोघांचं महारामांगांना शिकवण्याचं काम भावाला पटत नाही. सावित्रीबाई त्याला विचारतात, गायी-शेळ्यांना तू जवळ घेतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस. मग आपल्यासारख्याच माणसाला दूर का ठेवतोस?

चौथीच्या वर्गात हे पत्र सोप्या शब्दांत वाचून दाखवावं. ‘यातून काय शिकलात?’ असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर येईल. त्याऐवजी मुलांना सांगावं, आता भावाच्या बाजूने एक पत्र लिहा. भाऊ चुकतोय हे मुलांना लगेच कळतं. पण त्याला गावाची भीती वाटत असेल का, आजारी बहिणीची काळजी असेल का, हे प्रश्न लिहायला बसल्यावर पडतात. ज्याचं पटत नाही त्याच्याही मनात डोकावायचं आणि तरी आपलं मत सोडायचं नाही, हे अवघड आहे. दया त्या मानाने सोपी. सहवेदना शिकवायची तर या अवघड जागेपर्यंत मुलांना न्यायलाच हवं.

सहवेदना ही लिहिण्याची एक बाजू. दुसरी बाजू स्वतःला ओळखण्याची. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत तीन वर्षं शिकलेल्या, चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. घरावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातल्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले. आम्हाला धर्म तरी कोणता, असं तिने थेट देवालाच विचारलं. अवघं तीन वर्षांचं शिक्षण, पण पाहिलेलं-सोसलेलं लिहिण्याची तिला मुभा होती. आज ‘माझी आई’ या विषयावर चाळीस वह्यांत एकच आई सापडते, प्रेमळ आणि पहाटे उठणारी. कांद्याच्या वखारीत निवडणीला जाणारी, शिरवळच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी, कधी चिडणारी आई वहीत येतच नाही. ती आली तर चालेल, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. ते बाईंनी, गुरुजींनी स्पष्ट सांगायला हवं.

दोन्ही बाजू एकत्र आणणारा एक उपक्रम लोणंदकडच्या शाळांना सहज जमेल. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामाला येते. मुलं पाणी वाटतात, टाळ वाजवतात आणि मग ‘पालखी सोहळा’ हा ठरलेला निबंध लिहितात. या वर्षी प्रत्येकाने एकाच वारकऱ्यापाशी बसावं. मावशी, तुमचं गाव कोणतं? घरी मागे कोण आहे? शेताकडे कोण बघतं? ऐकलेलं आधी लिहावं. त्याखाली, ऐकताना मला काय वाटलं, हे दोन ओळींत लिहावं. त्या दोन ओळींना वेळ लागतो. लागू द्यावा. काही मुलं पहिल्या खेपेला ‘छान वाटलं’ एवढंच लिहितील. तेव्हा रागवू नये, ‘छान म्हणजे कसं?’ एवढं विचारावं.

लाल पेनाचं तेवढं जपा. मुलाने घरातलं भांडण लिहिलं आणि त्याला उत्तर म्हणून फक्त ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा मिळाल्या, तर पुढच्या वेळी ते भांडण लिहिणार नाही. आधी मजकुराबद्दल एक प्रश्न विचारावा, शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी घ्यावं. असं लिखाण मुलाच्या परवानगीशिवाय वर्गात मोठ्याने वाचू नये. वहीत मारहाणीसारखं काही आलं, तर शेरा देऊन थांबू नये. मुलाशी एकट्याने बोलावं आणि मुख्याध्यापकांना सांगावं.

पुढच्या आठवड्यात शिरवळ परिसरातल्या वर्गांकडे वळू. कामासाठी परराज्यातून आलेल्या कुटुंबांतली मुलं घरी वेगळी भाषा बोलतात. त्यांनी पहिलं लिखाण कोणत्या भाषेत करावं, हा प्रश्न तिथल्या शिक्षकांसमोर रोज उभा असतो.