शहाडच्या मुलांसाठी कच्ची वाट

लहान मुलासाठी माउंटन बाइकची वाट ठरवताना मोठी माणसे आधी किलोमीटर विचारतात. त्याआधी चाक पाहावे. २० इंची चाक एका फेरीत सुमारे १.६ मीटर जाते, तर मोठ्यांचे २६ इंची चाक सुमारे २.०७ मीटर. त्यामुळे वाटेतला तोच धोंडा लहान चाकाला अधिक उंच लागतो आणि तोच खड्डा अधिक खोल. वजनाचेही तसेच. २५ किलोच्या मुलाची सायकल १२ किलोची असेल, तर ते आपल्या वजनाच्या जवळजवळ निम्मे ओझे चढावर ओढत असते. ७० किलोच्या माणसाला १४ किलोची सायकल म्हणजे फक्त एक पंचमांश ओझे.

अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने वाटांच्या अवघडपणाची एक प्रतवारी केली आहे. पांढऱ्या वर्तुळाची वाट सर्वांत सोपी: रुंदी सुमारे १.८ मीटर किंवा जास्त, सरासरी चढ ५ टक्क्यांपेक्षा कमी, कुठेही १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यानंतर हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळी चौकट येतात. ५ टक्के म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर. आपल्याकडच्या शेतवाटांवर अशा खुणांच्या पाट्या नसतात, पण मोजमाप कामाचे आहे. नवख्या मुलाला पांढऱ्या वर्तुळाएवढीच वाट द्यावी.

शहाडहून निघताना पहिली अडचण डोंगराची येत नाही, रस्त्याची येते. कल्याण-मुरबाड रस्ता हा राष्ट्रीय महामार्ग आहे. शहाडचा उड्डाणपूल, मग म्हारळ, वरप, कांबा, रायत्याला उल्हास नदी ओलांडून गोवेली, असा तो जातो आणि त्यावर ट्रक, बस, डंपर सतत धावतात. हा टप्पा मुलाने सायकलवरून करू नये. सायकली टेम्पोत किंवा गाडीच्या टपावर बांधून गोवेली-टिटवाळा पट्ट्यातल्या एखाद्या गावापर्यंत न्याव्यात आणि मातीची वाट लागल्यावरच पायडल मारायला सुरुवात करावी. अंतर कमी भरते, पण मुलाची ताकद मातीसाठी शिल्लक राहते.

या भागात भाताची खाचरे आहेत. कापणी उरकल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे, खाचरांमधली गाडीवाट सुकून घट्ट होते आणि थंडीचे महिने सर्वांत चांगले जातात. मुरमाची वाट चढताना पकड देते, पण उतारावर सुटा मुरूम गोट्यांसारखा चाकाखालून सरकतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या असतील तर लहान चाक त्यांत अडकते. बांधावरून सायकल नेणे मोहाचे वाटते, पण बांध अरुंद असतो, ढासळतो आणि तो शेतकऱ्याच्या मेहनतीचा असतो. शेतातून जायचे तर मालकाला विचारूनच. कल्याण-टिटवाळा भागात वीटभट्ट्या बऱ्याच आहेत. त्यांचा हंगामही पावसाळा सरल्यावरचाच, म्हणून सायकलीला उत्तम असलेल्या दिवसांतच मातीच्या वाटांवर विटांचे ट्रक येतात. भट्टीकडे जाणारी वाट टाळावी.

ठरवलेली वाट मोठ्या माणसाने आधी एकट्याने, शक्यतो पायी फिरून पाहावी. नकाशावर कुत्री दिसत नाहीत, कालचा चिखल दिसत नाही. उतार कुठे संपतो हे विशेष पाहावे. उताराच्या पायथ्याशी सपाट मोकळी जागा असेल तर मूल घाबरले तरी आपोआप थांबते. वळण, ओढा किंवा डांबरी रस्ता असेल तर ती वाट सोडून द्यावी. ब्रेकची दांडी मुलाच्या बोटांना सहज पुरते ना, हे घरीच तपासावे. पुरत नसेल तर दांडीचा स्क्रू फिरवून ती जवळ आणता येते. लांब उतारावर लहान बोटे लवकर थकतात, म्हणून मध्ये थांबण्याच्या जागा हेरून ठेवाव्यात.

सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिल्या खेपेला तीन ते पाच किलोमीटर पुष्कळ झाले. जाताना चढ आणि येताना उतार मिळेल अशी वाट असावी. उलट झाले तर थकलेल्या पायांना शेवटी चढ लागतो. मलंगगड आणि माहुली या किल्ल्यांची नावे ओळखीची असली, तरी तिथले खडे चढ नवख्या मुलाच्या सायकलीसाठी नाहीत. हेल्मेट, भरपूर पाणी आणि पंक्चरचे सामान बरोबर हवेच. फेब्रुवारीनंतर सकाळी दहाच्या आत परतावे.

जूनपासून या वाटा मुलांसाठी बंदच समजाव्यात. काळू आणि उल्हास या दोन्ही नद्या पावसाळ्यात झपाट्याने फुगतात आणि टिटवाळ्याजवळचा काळूवरचा रुंदे पूल अतिवृष्टीत पाण्याखाली गेलेला आहे. पाऊस थांबला तरी चिकट माती चाकात भरून राहते, खडकावर शेवाळ असते आणि उंच गवतात फुरसे दिसत नाही. गवत वाळून वाटेची कड स्वच्छ दिसू लागली, की पुन्हा एकदा पायी चक्कर मारून ती तपासावी.