आवणीतील ज्वर आणि थुंकीतील रक्त

मूषकजन्य घातक फुफ्फुसविकार म्हटला की हंता विषाणूचे नाव पुढे येते. अमेरिकेच्या नैऋत्य भागात १९९३ मध्ये तो ओळखला गेला. परंतु सूर्या नदीकाठी, मासवण परिसरात रुग्णसेवा करताना आम्हांस अधिक सावध राहावे लागते ते लेप्टोस्पायरोसिसविषयी. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याची साथ अनुभवली. हा रोग जिवाणूजन्य आहे. म्हणूनच वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास रुग्ण वाचण्याची शक्यता वाढते.

बाधित उंदीर-घुशींच्या मूत्रातून जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि पायांच्या भेगा-जखमांतून शरीरात शिरतात. बहुधा ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून तीव्र ज्वर, शिरःशूल, पोटऱ्यांत असह्य वेदना आणि स्राव नसलेली नेत्ररक्तता दिसते. कामला व मूत्राल्पता ही परिचित लक्षणे होत. तथापि कामला नसतानाही फुफ्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो. आरंभी केवळ खोकला व उरःशूल असतो; पुढे थुंकीत रक्त व श्वासकष्ट दिसू लागतात आणि काही तासांतच अवस्था गंभीर होते.

आवणीच्या दिवसांत आमच्याकडे आलेल्या एका मजुराचा खोकला आम्हीही प्रथम साधा कास मानला होता. पोटऱ्या दाबताच तो कळवळला आणि आमचा विचार बदलला. त्याच दिवशी रुग्णालयात पाठविल्यामुळे तो बचावला.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मूषककल्प हा स्वतंत्र अध्याय आहे. मात्र केवळ त्या आधारे, किंवा रक्तपित्त असे निदान करून, घरीच उपचार करीत राहणे योग्य नव्हे. प्रत्येक ज्वरितास चिखल-पाण्यातील कामाविषयी विचारावे, पोटऱ्या व डोळे तपासावेत, मूत्रप्रमाण आणि श्वासगती पाहावी. पहिल्या आठवड्यात आयजीएम चाचणी नकारार्थी येऊ शकते. तेवढ्यावरून निर्धास्त राहू नये. खोकल्यातून रक्त, श्वासकष्ट, कामला वा मूत्राल्पता यांपैकी एकही लक्षण दिसल्यास प्राणवायूची व अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. पावसाळ्यात ज्वरासह अंगदुखी असणाऱ्यास डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर देऊ नयेत. त्यांनी वृक्कांची हानी वाढू शकते. “शेतात उतरला होतात का?” हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर होय असल्यास त्यास त्याच दिवशी चिकित्सकाकडे धाडावे.